अकरा वाजताची साखर

साखर कारखान्यात नोकरी करणाऱ्या माणसाला मधुमेह झाला, की भेटणारा प्रत्येक जण त्याच्याशी एकच विनोद करतो आणि तो आपल्यालाच पहिल्यांदा सुचला असं समजून हसतो. मी त्या विनोदाला सहा वर्षं हसत आलोय. तुम्हीही तो आत्ताच मनातल्या मनात करून घ्या, म्हणजे आपल्याला पुढं जाता येईल.

तर सगळं सुरू झालं ते मी ग्लुकोमीटर जेवणाच्या डब्याच्या पिशवीत टाकला तेव्हा. वास्तविक तो घरी कपाटात सुखात होता. मीही सुखात होतो. पण शहाण्णव सालच्या डिसेंबरात मला कारखान्याचं पत्र आलं, की 'सीझनल लॅब केमिस्ट श्री. रविंद्र यांना कायम करण्याचे विचाराधीन असून त्यांनी वीस जानेवारीपूर्वी वैद्यकीय दाखला सादर करावा.'

हे पत्र मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. सीझनल म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक नाही तो भाग्यवान. गाळप चालू तोवर तुम्ही केमिस्ट, आणि बॉयलर थंड झाला की तुम्हीही थंड. मग पाच-सहा महिने बायकोच्या डोळ्यांसमोर घरात वावरायचं आणि मेव्हण्याच्या पत्रातल्या 'सध्या काय चाललंय?' या प्रश्नाला उत्तर शोधायचं. असे अकरा सीझन मी काढले होते. दरवर्षी चीफ केमिस्ट मोहनराव म्हणायचे, "पुढच्या सीझनला बघू." आता ते खरंच बघत होते, आणि मधे फक्त एक दाखला उभा होता.

बारामतीच्या डॉक्टरांनी माझे कागद चाळले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "दाखला देईन. पण तुम्ही इन्सुलिनवर आहात आणि यंत्रांच्या गराड्यात उभं राहणार आहात. आठ दिवसांची साखर मला वहीत लिहून आणा. सकाळी उपाशीपोटी, मग अकरा वाजता आणि रात्री जेवणाआधी. साखर ताब्यात दिसली की सही. नसेल तर..."

"पुढच्या सीझनला बघू?" मी विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं?" डॉक्टर म्हणाले.

आता अकरा वाजता मी असतो कारखान्यात. म्हणून मीटर पिशवीत.

हा मीटर माझा मेव्हणा सूरज यानं मस्कतहून पाठवला होता. सोबत पन्नास पट्ट्या आणि एक पत्र : 'सप्रेम जयभीम. दाजी, आता परीक्षानळी सोडा.' (त्याआधी मी निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून ती नळी करुणाच्या गॅसवर, करुणाच्याच सांडशीत धरून तापवत असे. करुणाचा, म्हणजे माझ्या बायकोचा, या पद्धतीला विरोध होता. सांडशी दोनदा बदलली.) मीटरचं काम सोपं. बोटाला सुई टोचायची, थेंब पट्टीवर ठेवायचा, पंचेचाळीस सेकंद श्वास रोखून धरायचा. श्वास रोखावा असं पुस्तिकेत लिहिलेलं नाही, पण रोखला जातो.

शास्त्राचा माणूस असल्यानं मी सगळं काटेकोर करत होतो. सुई प्रत्येक वेळी स्पिरिटनं पुसायची. पट्टीची डबी लगेच बंद करायची. वहीत तीन रकाने, तारीख लाल शाईत. पहिल्या दिवशी सकाळी आकडा आला एकशे अठरा. मी वही करुणाला दाखवली. तिनं मान डोलावली आणि मला एक भाकरी जास्त वाढली. आमच्या घरात याला शाबासकी म्हणतात.

अकरा वाजता लॅबमध्ये आकडा आला तीनशे बेचाळीस.

मी पुन्हा बघितलं. मीटर उलटा धरलाय का तेही बघितलं. रात्री घरी जेवणाआधी तपासलं, तर एकशे सव्वीस. दुसऱ्या दिवशी सकाळी एकशे बारा, अकराला तीनशे पासष्ट, रात्री एकशे एकतीस. तिसऱ्या दिवशी तेच. म्हणजे माझी साखर सकाळी माझ्याबरोबर सायकलवर बसायची, कारखान्यात जाऊन अंगात यायची आणि संध्याकाळी गुमान घरी परतायची.

करुणानं ती वही दिव्याखाली धरून वाचली. मला तिचं वाचणं आवडलं नाही.

"घरात बरोबर," ती म्हणाली. "कारखान्यात तिप्पट."

"व्हय. तेच मला कळंना झालंय."

"मला कळलं. तितं काय खाताय?"

"काय न्हाय! तुझी भाकरी आन् मेथी."

"आन् त्याच्या आधी?"

"आधी काय?"

तिनं खुंटीवरचा माझा सदरा काढला आणि खिसा उलटा केला. खिशातून सात-आठ मुंग्या बाहेर पडल्या आणि रांगेनं भिंतीकडं निघाल्या. (साखर कारखान्यातल्या प्रत्येकाच्या खिशात मुंग्या असतात. हे मी सांगितलं. पण मुंग्या समोर चालत असताना माणसाच्या शब्दाला काय किंमत?)

"ह्या काय मेथीला आल्या?" करुणा म्हणाली. "अहो, नोकरी कायम व्हायची वेळ आली, आन् तुमी आठ दिस तोंड बांधून ऱ्हाऊ शकत न्हाय?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. अकरा वर्षं दर पावसाळ्यात लोकांचे ब्लाऊज शिवून तिनं घर ओढलं होतं, आणि मी गुळाच्या खड्यासाठी त्यावर पाणी सोडतोय असं तिला वाटत होतं. मला फार वाईट वाटलं. इतकं वाईट, की क्षणभर मलाच शंका आली, की मी नकळत काही खातोय की काय.

कारखान्यात मी ही अडचण दत्तोबाला सांगितली. दत्तोबा म्हणजे आमचा लॅब मदतनीस, उसाच्या गिरणीवरून रसाची बरणी आणणारा, आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीचं कारण माहीत असणारा माणूस. तो म्हणाला, "हितल्या हवेतच साखर हाय, सायेब. नाकातून जाती."

"मग तुझ्या नाकातून न्हाय जात?"

"माझं नाक बारकं हाय."

माझा स्वतःचा सिद्धान्त निराळा होता. माझ्या मते साखर मोहनरावांमुळं वाढत होती. ते साडेदहाला लॅबमध्ये चक्कर मारतात, आणि साहेबाला बघून रक्तात खळबळ होते हे सर्वमान्य आहे. पण चौथ्या दिवशी मोहनराव रजेवर असताना आकडा आला तीनशे अठ्ठ्याऐंशी. सिद्धान्त मोडला. (मोहनरावांबद्दलचा राग तेवढा राहिला.)

चार दिवसांची वही घेऊन मी डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी अकराच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि सकाळचं इन्सुलिन सहा युनिट वाढवून दिलं. "उरलेल्या चार दिवसांत हा रकाना खाली आला पाहिजे," ते म्हणाले. "नाहीतर सही करणं मला जड जाईल."

इकडं करुणानं स्वतःचा बंदोबस्त केला. आमच्या कारखान्याची कँटीन चालवणाऱ्या अक्काबाई आमच्याच गावच्या, निमगावच्या. बाजारात वांगी घेता घेता करुणानं त्यांना गाठलं आणि शपथ घातली. दुसऱ्या दिवशी मी कँटीनमध्ये गेलो, तर अक्काबाईंनी माझ्यासमोर बिनसाखरेचा चहा ठेवला (तो मी सहा वर्षं पितोच आहे) आणि कप रिकामा होईपर्यंत कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. शेजारी गुळाची ढेप होती. ती त्यांनी पदराखाली घेतली.

आता सहावा दिवस. सकाळी वाढीव इन्सुलिन टोचलं, न्याहारी केली, सायकल मारत कारखान्यात आलो. गाळप जोरात होतं. दहाच्या सुमारास मी रसाचा काटा बघत होतो, तर काट्यावरचे आकडे हलायला लागले. मग टेबल हलायला लागलं. मग लक्षात आलं, की मीच हलतोय. जानेवारीची थंडी असून सदरा घामानं पाठीला चिकटला होता. आतून पोकळ झाल्यासारखं वाटत होतं.

"दत्तोबा," मी म्हणालो, "मला बरं वाटंना."

"साखर वाढली आसंल. यंत्र लावा."

हे मलाही पटलं. थरथरत्या हातानं सुई पुसली, थेंब काढला, पंचेचाळीस सेकंद मोजले. आकडा : चारशे चार.

खरं सांगतो, मी घाबरलो. अंग म्हणत होतं, की पोटात काहीतरी गोड टाक, नाहीतर मी चाललो. आणि यंत्र म्हणत होतं, की खबरदार. दत्तोबानं अक्काबाईंना हाक मारली. त्या चहाचा कप घेऊन धावत आल्या, माझं तोंड बघितलं आणि म्हणाल्या, "आगंबाया! ह्येला साखरंचा चहा देऊ का?"

"न्हाय! चारशे हाय!" दत्तोबा ओरडला.

"चारशे?" अक्काबाईंनी कप मागं घेतला. "मग मी न्हाय देणार. करुणाबाईनं शपथ घातलीया मला."

"अक्काबाई," मी म्हणालो. माझा आवाज मला लांबून आल्यासारखा वाटत होता. "थोडा..."

"सायेब, मेला तरी न्हाय देणार!" त्या प्रेमानं म्हणाल्या.

भिंतीपलीकडं गोदामात साखरेची पोती छताला भिडली होती. तिकडं रस धो धो वाहत होता. आणि मधे मी स्टुलावर बसून एका चमच्यासाठी मरायला टेकलो होतो. (इन्सुलिनची बाटली घरी ओल्या वाळूच्या मडक्यात होती म्हणून वाचलो. नाहीतर चारशे चार बघून मी शास्त्राचा माणूस वर आणखी टोचून बसलो असतो.)

तेवढ्यात दारात करुणा उभी राहिली.

ती मला रंगेहाथ पकडायला आली होती. न सांगता, साडेनऊची एस.टी. धरून, अकराच्या आत. हातात डब्याची पिशवी होती, ती नुसती निमित्ताला. पण माझ्याकडं बघताच तिनं पिशवी खाली टाकली.

"हे आसं कधीपास्नं?"

"आत्ताच. पर साखर चारशे हाय, वहिनी," दत्तोबानं मीटर पुढं केला.

"यंत्र गेलं खड्ड्यात!" करुणा म्हणाली. "हा घाम मला ठावं हाय. इन्सुलिन चालू झालं त्या वर्षी असाच आला व्हता. साखर उतरलीया ह्येंची. साखर कुठं हाय?"

तीन हजार टन रोजच्या गाळपाच्या कारखान्यात हा प्रश्न विचारल्यावर सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिले. करुणा थांबली नाही. टेबलावर गिरणीवरून नुकतीच आलेली ताज्या रसाची बरणी होती. (रस निवळायचं औषध अजून त्यात पडायचं होतं. ते विषारी असतं. पडलं असतं, तर ही गोष्ट तुम्हाला दुसऱ्या कुणीतरी सांगितली असती.) तिनं बरणी माझ्या ओठांना लावली आणि लहान मुलाला पाजावं तसं पाजलं. अर्धा रस पोटात गेला, अर्धा हातांवर आणि तिच्या साडीवर. तिचा हात माझ्या मानेखाली होता. ज्या बाईनं गुळाच्या खड्यावरून माझ्याशी तीन दिवस अबोला धरला, तीच मला म्हणत होती, "घ्या, आनखी घ्या. सगळं संपवा." मला रडू आलं. मी ते रसाबरोबर गिळलं.

त्याच वेळी मोहनराव आत आले.

"अकराचं सँपल कुठं हाय?"

"ह्येंच्या पोटात," अक्काबाई म्हणाल्या.

दहा-पंधरा मिनिटांत मी माणसात आलो. टेबल जागेवर थांबलं. मोहनराव खुर्ची ओढून बसले होते, आणि करुणा माझा डावा हात हातात घेऊन बघत होती. तिच्या बांगडीला माझी बोटं चिकटत होती.

"हात कसलं चिकाट झाल्यात हे?"

"आत्ता रस सांडला न्हाय का?"

"ह्या कोपराकडच्या सांडल्याचं न्हाय म्हणत मी. हे नखातलं खरकटं आजचं न्हाय." तिनं टेबलावरच्या बरण्यांवरून नजर फिरवली. मग म्हणाली, "हितं रोज आसंच आसतं?"

"लॅब हाय ही. रस लागतोच. सदऱ्याला पुसतो आमी."

"घरी आल्यावर मी तुमास्नी हातपाय धुतल्याबिगर सैपाकघरात येऊ देती का?"

"न्हाय."

"सकाळी आंघूळ करून तपासता का?"

"व्हय."

"मग घरी बरोबर येतंय, हितं चुकतंय. येगळं काय हाय, ते बघा की."

ती उठली, कोपऱ्यातल्या बेसिनवर माझा डावा हात साबणानं घासून धुतला, पदरानं कोरडा केला आणि सुई टोचली. पंचेचाळीस सेकंद. आकडा : एक्क्याऐंशी. मग माझा उजवा हात, तसाच चिकट, न धुता. आकडा : तीनशे शहाण्णव. एका माणसाच्या दोन हातांत तीनशेपंधराचा फरक.

"आता तुमी या," करुणानं दत्तोबाला बोलावलं.

"मला काय झालंय? मी म्हशीवानी हाय!"

दत्तोबाच्या बोटाचा आकडा आला तीनशे एकाहत्तर. दत्तोबा तिथंच जमिनीवर बसला. "आरं द्येवा, आता घरी काय सांगू?" असं म्हणत त्यानं डोक्याला हात लावला, आणि तोही हात केसांना चिकटला. करुणानं त्याला बेसिनवर नेलं. धुतल्यावर शहाण्णव. पुढचे दोन महिने तो दिसेल त्याला सांगत होता, की मला मधुमेह झाला होता, वहिनींनी साबणानं बरा केला.

मोहनराव खुर्चीतून उठले. आता ते माझ्याकडं वळले. "रविंद्र, रसातली साखर मोजायची ती काचंची नळी. दुसरं सँपल भरायच्या आधी तुमी काय करता?"

"धुतो."

"का?"

"आधीच्या रसाची साखर नळीला ऱ्हाते. आकडा चुकतो."

"नळी न धुतल्याबद्दल मागच्या महिन्यात दत्तोबाला मेमो कुणी दिला?"

"मी," मी म्हणालो.

"दोन पानी व्हता," दत्तोबा जमिनीवरूनच म्हणाला.

त्या दिवशी संध्याकाळी करुणा आणि मी एस.टी.नं एकत्र घरी आलो. सायकल टपावर. तिनं खिडकीबाहेर बघत म्हटलं, "मी तुमास्नी खोटं समजली." मी म्हटलं, "मीबी समजलो व्हतो." मग निमगाव येईपर्यंत तिनं माझा हात सोडला नाही. तो आता धुतलेला होता.

डॉक्टरांनी सगळी हकीकत ऐकली, माझ्या वहीतला अकराचा पूर्ण रकाना लाल पेननं खोडला आणि वाढवलेलं इन्सुलिन परत खाली आणलं. मग हात धुऊन पाच दिवस तपासायला लावलं. आकडे शाळेतल्या पहिल्या बाकावरच्या मुलांसारखे ओळीत बसले. एकोणीस जानेवारीला त्यांनी दाखल्यावर सही केली आणि दाखला माझ्या हातात न देता करुणाच्या हातात दिला. याचं मला काही वाटलं नाही. आता कायम होणार होतो. मोठ्या मनानं वागणं परवडत होतं.

दाखला दिल्यावर आठवड्याभरानं मोहनरावांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर माझी फाईल होती. मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो होतो.

"बसा," ते म्हणाले. "आर्डर निघाली. एक तारखेपास्नं तुमी कायम."

अकरा वर्षांत या क्षणासाठी मी एक छोटं भाषण तयार करून ठेवलं होतं, ते सगळं विसरलो. नुसतं "साहेब" म्हणालो.

"ते ऱ्हाऊ द्या," मोहनराव म्हणाले. त्यांनी दार ढकलून लावलं आणि आवाज खाली आणला. "दुसरं एक विचारायचंय. लॅबमध्ये आनखी एक जागा भरायची हाय. मला डोळं उघडं ठिवून बघणारं माणूस पायजे. तुमच्या मिसेस किती शिकल्यात?"

मी चपापलो. पण खोटं कसं बोलणार?

"दहावी," मी म्हणालो. "तीबी गणितात ऱ्हायली."

मोहनराव विचारात पडले. फाईल उघडून त्यांनी माझ्या अर्जावरून बोट फिरवलं.

"आन् तुमी बी.एस्सी. न्हाय का?"

"व्हय. केमिस्ट्री."

"मग शिक्षणानं काय अडत न्हाय," असं म्हणून त्यांनी फाईल मिटली.